ग्राहकसेवेचे मोजमाप आणि अहवालाची रचना : वीजवितरणाच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

लोकांना सेवा पुरविणाऱ्या कोणत्याही संस्थेत अहवालांची वाण कधीच नसते. दैनिक, साप्ताहिक, मासिक आणि त्रैमासिक अशी पत्रके नियमाने तयार होतात, त्यांवर सह्या होतात आणि ती वरिष्ठांकडे रवाना होतात. वाण असते ती निराळ्याच गोष्टीची. अमुक एका ग्राहकास किती काळ थांबावे लागले आणि का थांबावे लागले, या साध्या प्रश्नाचे उत्तर या पत्रकांच्या राशीतून बहुधा मिळत नाही. संगणकामुळे आज तक्रारींच्या नोंदींतून हवे ते स्तंभ निवडून, हव्या त्या कालखंडाचा आणि हव्या त्या विभागाचा अहवाल काही क्षणांत तयार करता येतो. परंतु अहवाल काढणे सुलभ झाले म्हणजे योग्य प्रश्न विचारणेही सुलभ झाले, असे मात्र नाही.

ठरीव नमुन्यातील पत्रकाऐवजी विशिष्ट प्रश्नासाठी व विशिष्ट वाचकासाठी मुद्दाम रचलेल्या अहवालास प्रस्तुत लेखात ‘प्रयोजननिष्ठ अहवाल’ असे म्हटले आहे. असा अहवाल कसा रचावा आणि त्यात कोणते दोष नकळत शिरतात, याचा विचार येथे वीजवितरणाच्या क्षेत्रातील उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. हे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, येथे सेवेच्या मोजमापास कायद्याचे अधिष्ठान आहे, मोजण्याची परिमाणे निश्चित झालेली आहेत आणि मोजमापातील चुकीचा भार प्रत्यक्ष ग्राहकास सोसावा लागतो.

२. कायद्याची चौकट

विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ५७ अन्वये राज्य विद्युत नियामक आयोगास वितरण परवानाधारकांसाठी कृतीची मानके ठरविता येतात, आणि ती पाळली न गेल्यास बाधित व्यक्तीस भरपाई देण्याचे दायित्व परवानाधारकावर येते. कलम ५९ नुसार परवानाधारकाने आपण गाठलेली कृतीची पातळी, भरपाई दिलेल्या प्रकरणांची संख्या व भरपाईची एकूण रक्कम आयोगास कळवावयाची असते. आणि आयोगाने ही माहिती वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करण्याची व्यवस्था करावयाची असते. ग्राहकाच्या गाऱ्हाण्यासाठी तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, अशी योजना कलम ४२ मध्ये आहे.

महाराष्ट्रात आयोगाने २००५ मध्ये कृतीच्या मानकांविषयी विनियम केले. त्यांची जागा २०१४ च्या व पुढे २०२१ च्या विनियमांनी घेतली. केंद्र शासनाच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी नव्या जोडणीसाठी महानगरांत ७, अन्य नगरपालिका क्षेत्रांत १५ आणि ग्रामीण भागात ३० दिवसांची कमाल मुदत घातली होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे ३, ७ आणि १५ दिवसांवर आली.

या तरतुदींतून एक गोष्ट स्पष्ट होते. वीजवितरणात अहवाल ही केवळ अंतर्गत सोयीची बाब नाही. मुदत टळली आहे की नाही हे नोंदवहीवरून ठरते, आणि भरपाईचा हक्क त्यावर अवलंबून असतो. ज्या विलंबाची नोंदच नाही त्याची भरपाईही नाही. यास्तव अहवालाची रचना हा निव्वळ संख्याशास्त्रीय प्रश्न न राहता न्यायाचाही प्रश्न ठरतो.

३. निर्देशांक आणि त्यांचा विपर्यास

वीजपुरवठ्याच्या विश्वसनीयतेसाठी तीन निर्देशांक सर्वत्र रूढ आहेत. पहिला ‘सैफी’, वर्षभरात सरासरी ग्राहकाचा पुरवठा किती वेळा खंडित झाला, हे तो सांगतो. दुसरा ‘सैडी’, सरासरी ग्राहकास वर्षभरात एकूण किती मिनिटे विजेवाचून काढावी लागली, हे त्यावरून कळते. तिसरा ‘कैडी’ म्हणजे दुसऱ्यास पहिल्याने भागून येणारी संख्या, अर्थात एकदा पुरवठा गेला असता तो पूर्ववत् होण्यास लागलेला सरासरी वेळ. तिसरा निर्देशांक दुरुस्तीपथकाच्या तत्परतेचे माप म्हणून वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु तो कसा फसवितो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका फीडरवर १,००० ग्राहक आहेत. वर्षभरात तारांवर फांद्या घासून प्रत्येकी ६ मिनिटांचे दहा खंड पडले आणि केबल निकामी होऊन प्रत्येकी १२० मिनिटांचे दोन खंड पडले. प्रत्येक वेळी सर्व ग्राहक बाधित झाले. येथे सैफी १२, सैडी ३०० मिनिटे आणि कैडी २५ मिनिटे येतो. पुढील वर्षी शाखा कार्यालयाने पावसाळ्यापूर्वी फांद्या नीट छाटल्या आणि दहाही लहान खंड टळले. केबलचे दोन खंड तेवढे उरले. आता सैफी २, सैडी २४० मिनिटे, परंतु कैडी १२० मिनिटे होतो. ग्राहकाच्या दृष्टीने सेवा निःसंशय सुधारली. परंतु केवळ कैडी छापणाऱ्या अहवालात दुरुस्तीचा वेळ जवळजवळ पाचपट झालेला दिसेल आणि ज्या अभियंत्याने चोख काम केले त्यालाच खुलासा द्यावा लागेल. तात्पर्य, गुणोत्तर कधीही एकटे छापू नये. त्याचे अंश आणि छेद दोन्ही त्याच ओळीत दिसले पाहिजेत.

दुसरा प्रश्न असाधारण दिवसांचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या उपनगरांतील अनेक भाग दीर्घकाळ अंधारात राहिले. अशा दिवसाचे आकडे वार्षिक सरासरीत मिसळले तर उरलेल्या ३६४ दिवसांचे चित्र पुसले जाते. वगळले तर संकटकाळातील कामगिरीची कोणीच विचारपूस करीत नाही. विद्युत अभियंत्यांच्या ‘आय-ट्रिपल-ई’ या संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकाने २००३ मध्ये यावर एक पद्धत घालून दिली. मागील पाच वर्षांच्या दैनिक सैडीचे लघुगणक घेऊन, त्यांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची अडीचपट मिळवून उंबरठा ठरवावयाचा आणि त्यापलीकडील दिवस वेगळे काढावयाचे. येथे ‘वेगळे काढणे’ म्हणजे ‘टाकून देणे’ नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या दिवसांचा अहवाल स्वतंत्रपणे मांडावयाचा असतो. उंबरठा आधी ठरलेला असल्यामुळे गैरसोयीचा दिवस मागाहून ‘असाधारण’ ठरविण्याची वाटही बंद होते.

४. निकाली निघालेल्या आणि थांबलेल्या तक्रारी

आता तक्रारींकडे वळू. बंद मीटर, चुकीचे देयक, नावातील बदल, नवी जोडणी अशा बाबींच्या मासिक पत्रकात बहुधा एक स्तंभ असतो : ‘निकाली काढण्यास लागलेला सरासरी कालावधी’. हा स्तंभ निरुपद्रवी वाटतो. परंतु माझ्या मते ग्राहकसेवेच्या अहवालांतील सर्वांत मोठा दोष येथेच दडलेला असतो. कारण ही सरासरी केवळ निकाली निघालेल्या तक्रारींवरून काढलेली असते. ज्या अजून थांबल्या आहेत त्यांना या गणनेत स्थानच नसते.

पुन्हा एक कल्पित उदाहरण घेऊ. एका उपविभागात पहिल्या महिन्यात १०० तक्रारी आल्या. त्यांपैकी ९० सोप्या होत्या व त्या सरासरी एका दिवसात सुटल्या. १० अवघड होत्या व त्या तशाच राहिल्या. पत्रक म्हणते : सरासरी कालावधी १ दिवस. दुसऱ्या महिन्यात नव्या १०० तक्रारी आल्या व त्या सर्व सरासरी एका दिवसात सुटल्या. शिवाय मागील १० तक्रारीही मनावर घेऊन सोडविण्यात आल्या, तेव्हा त्यांचे वय सरासरी ४० दिवस झाले होते. आता निकाली ११० तक्रारींची सरासरी सुमारे साडेचार दिवस येते. म्हणजे काम तुंबले त्या महिन्यात पत्रक उजळ, आणि तुंबलेले काम निपटले त्या महिन्यात काळवंडलेले! अशा पत्रकावर ज्यांची परीक्षा होते ते अधिकारी काय शिकतील, हे सांगावयास नको. जुन्या तक्रारीला हात न लावणे, हेच त्यांच्या हिताचे ठरते.

संख्याशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. वैद्यकीय संशोधनात काही रुग्णांचे निरीक्षण अखेरपर्यंत होऊ शकत नाही. अशा अपूर्ण निरीक्षणांतील माहिती वाया न घालविता अंदाज कसा काढावा, याची रीत कॅप्लन आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडली. प्रलंबित तक्रार हेही असेच अपूर्ण निरीक्षण आहे. ती किती काळ थांबेल हे ठाऊक नसले, तरी आजवर निदान इतके दिवस थांबली आहे हे ठाऊक असते. ती माहिती फेकून देणे अशास्त्रीय होय.

व्यवहारात याहून सोपा उपाय आहे. तक्रारी निकालाच्या महिन्यानुसार न मांडता आवकेच्या महिन्यानुसार मांडाव्यात. जूनमध्ये आलेल्या शंभर तक्रारींपैकी एका दिवसात किती सुटल्या, तीन दिवसांत किती, सात दिवसांत किती, तीस दिवसांत किती आणि आजही किती उरल्या, अशी ती मांडणी. तिच्या जोडीला प्रलंबित तक्रारींच्या वयाचे कोष्टक द्यावे व सर्वांत जुन्या तक्रारीचे वय स्वतंत्रपणे नमूद करावे. सरासरीऐवजी, दहापैकी नऊ तक्रारी ज्या मुदतीच्या आत सुटल्या ती मुदत दिल्यास रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यांची स्थिती अधिक प्रामाणिकपणे कळते.

अहवालाची सत्यता पडताळण्याचे एक साधन येथेच नमूद करणे उचित होईल. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांविषयीचा नियम असे सांगतो की, स्थिर स्थितीत थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे आवकेचा दर आणि थांबण्याचा सरासरी काळ यांचा गुणाकार होय. एखाद्या कार्यालयात दररोज २० तक्रारी येत असतील आणि प्रलंबित तक्रारींची संख्या महिनोगणती १४० च्या आसपास स्थिर असेल, तर थांबण्याचा सरासरी काळ सात दिवसांचा असला पाहिजे. पत्रक जर दोन दिवस म्हणत असेल, तर काही तक्रारी कोठेतरी गणनेबाहेर पडल्या आहेत हे निश्चित. दप्तर न उघडता, केवळ दोन आकड्यांवरून ही तपासणी होते.

५. घड्याळ केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते

कालावधीच्या प्रत्येक आकड्यामागे आरंभ आणि अंत यांची एक व्याख्या असते, व सर्व वाद तेथे घडतात. मुदत अर्ज हाती आल्यापासून मोजावयाची की अर्ज ‘पूर्ण’ झाल्यापासून? दुसरी रीत असमर्थनीय नाही, कारण कागदपत्रांवाचून काम पुढे जात नाही. तथापि अर्ज अपूर्ण असल्याचे पंधराव्या दिवशी कळविले, तर ते पंधरा दिवस कोणाच्याच खाती जमा होत नाहीत. ग्राहकाने मात्र ते मोजलेले असतात. म्हणून अहवालात दोन्ही कालावधी द्यावेत, ग्राहकाने प्रत्यक्ष काढलेला आणि नियमाप्रमाणे हिशेबात धरलेला. या दोहोंतील अंतर वाढत असेल तर त्याचा शोध घेतला पाहिजे.

अंताविषयीही हेच. लाइनमनने ‘काम झाले’ अशी नोंद केल्यावर तक्रार बंद झाली असे मानावयाचे, की ग्राहकाने होकार दिल्यावर? बंद केलेली तक्रार आठवड्याच्या आत त्याच ग्राहक क्रमांकावर, त्याच कारणाने पुन्हा आली तर ती नवी न मानता जुनीच पुन्हा उघडली असे धरावे. अन्यथा एकच न सुटलेले गाऱ्हाणे चार वेळा ‘निकाली’ निघते व चार यशांची नोंद होते.

दूरध्वनीवरील सेवेत हाच दोष वेगळ्या रूपाने दिसतो. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रासाठी १९०९ ते १९१७ च्या सुमारास रांगांचे जे गणित मांडले, त्यावर आजही दूरध्वनी सेवाकेंद्रांतील मनुष्यबळाचा हिशेब होतो. परंतु ‘उत्तर मिळालेल्यांचा सरासरी प्रतीक्षाकाळ’ छापताना, कंटाळून मध्येच फोन ठेवणाऱ्यांना वगळले जाते. जितके अधिक लोक कंटाळतील तितकी रांग आखूड आणि सरासरी देखणी! म्हणून सोडून दिलेल्या फोनांचे प्रमाण त्या सरासरीच्या शेजारी असणे अगत्याचे आहे.

६. लहान संख्या आणि मोठी लक्ष्ये

शाखा कार्यालयांची गुणानुक्रमे यादी लावण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. तिच्यातील धोका संभाव्यताशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहज समजेल. समजा, एका लहान शाखेत महिन्यास आठच तक्रारी येतात आणि प्रत्येक तक्रार मुदतीत सुटण्याची संभाव्यता ९० टक्के आहे, म्हणजे शाखा चांगली आहे. तरीही आठांपैकी दोन वा अधिक तक्रारी रेंगाळण्याची संभाव्यता सुमारे १९ टक्के येते. अर्थात दर पाच महिन्यांत सुमारे एकदा ही शाखा ७५ टक्के किंवा त्याहून खाली गेलेली दिसेल, आणि त्यात तिचा काहीही दोष नसेल. नैसर्गिक चढउतार आणि खरा बिघाड यांत भेद करण्यासाठी शेवार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना पुढे आणली. कारखान्यातील मालासाठी निघालेले ते साधन सेवेच्या अहवालासही तितकेच लागू पडते. एका महिन्याच्या आकड्यावरून जाब विचारण्याऐवजी, बारा महिन्यांचा आलेख त्याच्या मर्यादारेषांसह मांडावा.

लक्ष्य ठरले की वर्तनही त्याच्याभोवती घडू लागते. इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या रुग्णांपैकी ९८ टक्क्यांचा निर्णय चार तासांच्या आत व्हावा, असे लक्ष्य २००४ च्या अखेरीस लागू झाले. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणण्यात आले. सुरुवातीच्या वर्षांत प्रतीक्षा खरोखर घटली. परंतु रुग्ण किती वेळाने विभागाबाहेर पडले याचा आलेख काढला असता, चौथा तास संपण्याच्या अगदी आधी एक उंच शिखर दिसून आले. मर्यादा जवळ आली म्हणजे हालचाल होत होती आणि मर्यादा उलटलेल्या रुग्णाविषयीची निकड मावळत होती. वीजजोडणीच्या मुदतींविषयी अहवाल रचणाऱ्याने हा धडा विसरू नये. ‘मुदतीत किती टक्के’ एवढेच न छापता, कालावधीचे संपूर्ण वितरण छापावे. मग मुदतीच्या कडेला झालेली गर्दी आणि मुदतीपलीकडे विस्मृतीत गेलेली प्रकरणे दोन्ही उघडी पडतात.

७. रचनेची पद्धत

वरील विवेचनावरून प्रयोजननिष्ठ अहवाल रचण्याचा क्रम असा सांगता येईल. सर्वप्रथम, हा अहवाल वाचून कोण कोणता निर्णय घेणार आहे, हे एका वाक्यात लिहावे. असे वाक्य लिहिता येत नसेल तर तो अहवाल काढूच नये. त्यानंतर मोजण्याचे एकक ठरवावे : तक्रार, घटना की ग्राहक. एक रोहित्र जळाले तर घटना एक, तक्रारी कदाचित पन्नास आणि बाधित ग्राहक दोनशे असू शकतात; तिन्ही आकडे खरे असले तरी ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. मग आरंभ, अंत, वगळलेली प्रकरणे व वगळण्याचे कारण यांची व्याख्या अहवालाच्या शिरोभागीच द्यावी. व्याख्या बदलली तर बदलाची तारीख नोंदवावी व निदान वर्षभर जुन्या-नव्या दोन्ही रीतींनी आकडे द्यावेत.

वाचकभेदाने अहवालाचे रूप पालटते. शाखा अभियंत्यास टक्केवारी नको असते. त्याला रोज सकाळी प्रलंबित तक्रारींची यादी हवी असते, सर्वांत जुनी तक्रार सर्वांत वर, आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या कारणाने अडली आहे याची नोंद. कार्यकारी अभियंत्यास आठवड्यातून एकदा उपविभागवार आवक, निकाल, शिल्लक आणि वयाचे कोष्टक पुरते. मीटरचा तुटवडा हे कारण पाच उपविभागांत दिसले, तर प्रश्न पाच कार्यालयांचा नसून भांडाराचा आहे, हे त्याला तेथे उमगते. नियामक आयोगास मानकांचे पालन, टळलेल्या मुदती आणि दिलेली भरपाई यांचा मेळ हवा असतो. येथे एक कसोटी फार उपयुक्त आहे. मुदत टळलेल्या प्रकरणांची संख्या मोठी आणि भरपाई दिलेल्या प्रकरणांची संख्या नगण्य असेल, तर हक्क कागदावरच राहिला आहे हे त्या एका तुलनेवरून कळते. ग्राहकाचा अहवाल सर्वांत लहान असावा. त्याची तक्रार कोठे आहे, मुदत कोणत्या तारखेस संपते आणि संपल्यास त्याने कोणाकडे जावे, एवढ्या तीन गोष्टी त्यात असल्या म्हणजे पुरे.

८. समारोप

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने मुदतीचे हेच तत्त्व शासकीय कार्यालयांतील अधिसूचित सेवांना लावले आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली. तेव्हा येथे केलेला विचार वीजवितरणापुरता मर्यादित नाही. लोकप्रशासन, वाणिज्य आणि संख्याशास्त्र या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. आपल्या नजीकच्या कार्यालयाचे एखादे प्रसिद्ध पत्रक घेऊन त्यातील आवक, निकाल आणि शिल्लक यांचा मेळ लिटलच्या नियमाने बसतो की नाही, एवढे तपासणे हादेखील एक उत्तम प्रारंभ ठरेल.

अहवालाचा प्रत्येक स्तंभ कोणाला तरी दृष्टीसमोर आणतो आणि कोणाला तरी दृष्टीआड करतो. ज्याचे काम झाले तो ग्राहक नोंदवहीत ठळकपणे दिसतो; जो अद्याप थांबला आहे तो सरासरीच्या बाहेर, वगळलेल्या प्रकरणांत किंवा अपूर्ण अर्जांच्या गठ्ठ्यात असतो. सेवेचे मोजमाप ज्याच्यासाठी करावयाचे तो वस्तुतः हाच ग्राहक होय. म्हणून अहवालाच्या पहिल्या ओळीत आज किती जण थांबले आहेत आणि त्यांतील सर्वांत जुना किती दिवस थांबला आहे, हे दोन आकडे असावेत. बाकीचे स्तंभ त्यांच्या खाली यावेत.